रान राखले, घरांचा हिशेब राहिला

नोव्हेंबर २०२५ मध्ये वनखात्याने ताडोबातली एक वाघीण राज्याच्या या टोकाला आणली आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात सोनार्ली इथल्या कुंपणबंद आवारात ठेवली. नव्या रानाशी तिची ओळख झाली की दार उघडायचे, अशी ती पद्धत. पेपरांत फोटो आले, वाघिणीचे नाव ठेवले गेले, सह्याद्रीत पुन्हा वाघ नांदणार म्हणून सगळ्यांना बरे वाटले. त्या बातम्यांत सोनार्ली हे जंगलातल्या एका जागेचे नाव होते. पण सोनार्ली हे नांदते गाव होते, आणि त्या गावची माणसे आज वारणा नदीच्या खालच्या अंगाला, पेठवडगावच्या बाजूला सोनार्ली वसाहतीत राहतात. वसाहतीला नाव जुन्या गावाचे, भोवती ऊस दुसऱ्यांचा.

असे एकच गाव नाही. झोळंबी, निवळे, गोठणे, ढाकाळे, तनाळी, रुंदीव, चांदेल, आळोली, टाकळे, लोटीव, पेटलोंड ही सगळी शिराळा, शाहूवाडी आणि संगमेश्वरला लागून असलेल्या डोंगरातली नावे. काही गावांची शिवारे धरणाच्या पाण्याखाली गेली, काहींची राखीव रानात गेली, आणि काहींची निम्मी इकडे, निम्मी तिकडे. डोंगर राखायचा होता आणि उठवलेल्या माणसांना घर-जमीन द्यायची होती. पहिले काम तडीस गेले. दुसरे अर्ध्यावर राहिले, आणि ते जमीन कमी पडली म्हणून राहिले नाही. जिथे जमीन होती, तिथून ती सुटली नाही.

सरकारचे जंगल

वारणा पाथरपुंज आणि प्रचितगडाच्या बाजूला, सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते. पुढे तिच्या उत्तर काठाला शिराळा तालुका, दक्षिण काठाला शाहूवाडी. सांगलीजवळ हरिपूरला ती कृष्णेला मिळते. या छोट्या प्रवासात ती दोन वेगळ्या मुलखांतून जाते. वर लाल माती, कातळाचे सडे, कोसळता पाऊस, नाचणी, वरी आणि डोंगरउतारावरचा भात. खाली काळी जमीन, ऊस आणि साखर कारखान्यांची धुराडी.

वरच्या मुलखात शेती आणि रान यांच्यात आखीव रेघ कधी नव्हती. उतारावर झाडोरा तोडून, जाळून दोन-तीन वर्षे नाचणी-वरी घ्यायची, मग ती जागा सोडून पुढे सरकायचे, ही कुमरी शेती. गवळी-धनगरांचे वाडे म्हशी घेऊन सड्यांवर राहायचे आणि लोणी-तूप खाली बाजारात यायचे. हिरडा, शिकेकाई, मध, सरपण हे सारे रानातून. ब्रिटिश अमदानीत १८७८ चा आणि पुढे १९२७ चा वन कायदा आला, तसा या वहिवाटीला गुन्ह्याचा वास येऊ लागला. कालपर्यंतचे गावचे रान राखीव जंगल झाले.

त्याचा स्फोट शिराळा तालुक्यातच झाला. १९३० साली देशात मिठाचा सत्याग्रह पेटला, पण समुद्रापासून लांबच्या माणसाने मीठ कुठून काढायचे? म्हणून महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह पुढे आला. जुलैमध्ये लोकनायक अणे यांनी पुसदला सुरुवात केली, सप्टेंबरमध्ये चिरनेरला गोळ्या झाडल्या गेल्या. याच काळात वारणाकाठच्या बिळाशीने राखीव जंगलातला साग तोडला, त्याची काठी केली आणि गावात तिरंगा उभारला. तो उतरवायला पोलीस आले तेव्हा गावोगावची माणसे आडवी आली. इतिहासात हे ‘बिळाशीचे बंड’ म्हणून नोंदले गेले. झेंड्याची काठी जंगलातलीच हवी, हा हट्ट सहज केलेला नव्हता. हे रान कुणाचे, हा प्रश्न त्या काठीवरच उभा होता. स्वातंत्र्य मिळाले, झेंडा राहिला, वन कायदाही राहिला.

पाणी आले ते वरून

स्वातंत्र्यानंतर डोंगरावर पहिला मोठा घाला शेजारच्या कोयना खोऱ्यात पडला. १९६० च्या दशकात कोयनेची वीज सुरू झाली, शिवसागर जलाशय भरला आणि त्या खोऱ्यातली गावे सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. जे मिळाले ते मेहेरबानी म्हणून मिळाले आणि जे राहिले ते आजतागायत मोर्चांतून मागितले जाते आहे.

वारणेची गोष्ट वेगळी व्हायला हवी होती. चांदोलीजवळ मातीचे धरण बांधायला घेतले तोवर राज्याने धडा घेतला होता, निदान कागदावर तरी. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशात असा कायदा करणारे हे पहिले राज्य. त्यामागे धरणग्रस्तांच्या परिषदा होत्या, बाबा आढाव, दत्ता देशमुख यांच्यासारखी माणसे होती, आणि ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही साधी घोषणा होती. पुढे १९८६ चा आणि १९९९ चा सुधारित कायदा आला.

धरण पुरे झाले, जलाशयाला वसंतदादांच्या नावावरून वसंतसागर म्हणू लागले. साठा ३४.४० टीएमसी. बांधकाम आणि वीजघरावरच्या माणसांसाठी धरणाच्या पायथ्याशी वारणावती ही आखीव वसाहत उभी राहिली. बुडीत क्षेत्र शिराळा आणि शाहूवाडीच्या डोंगरातले, लाभक्षेत्र खाली वाळवा, मिरज, हातकणंगले, शिरोळकडे. खुद्द शिराळ्याच्या उत्तर भागाला या पाण्यासाठी वाकुर्डे बुद्रुक उपसा सिंचन योजनेची वाट पाहावी लागली. धरण ज्यांच्या तालुक्यात, त्यांच्याकडे पाणी पंपाने चढवावे लागते, हे इथल्या राजकारणाचे जुने दुखणे आहे.

स्लॅबचा कायदा

१९७६ च्या कायद्याचा गाभा समजून घ्यायला हवा, कारण तो या सगळ्या कहाणीचा कणा आहे. धरणाने ज्याची जमीन भिजणार, त्याने ज्याची जमीन बुडणार त्याला थोडी जमीन द्यायची. लाभक्षेत्रात ज्याचे खाते ठरावीक मर्यादेच्या वर आहे, त्याच्याकडून वाढीव भाग सरकारने संपादन करायचा आणि प्रकल्पग्रस्ताला वाटायचा. ही मर्यादा म्हणजेच ‘स्लॅब’. कुठे आठ एकरांचा, कुठे चार एकरांचा. बुडणाऱ्या गावात प्रत्येक कुटुंबाची नोंद ‘संकलन’ रजिस्टरात व्हायची: खातेदार कोण, सज्ञान मुले किती, बुडीत जमीन किती, मोबदला किती. मोबदल्याच्या ६५ टक्के रक्कम सरकारकडे भरली की पर्यायी जमिनीवर हक्क सांगता यायचा. शिवाय नव्या गावठाणात घराचा प्लॉट, आणि रस्ता, पाणी, शाळा, समाजमंदिर, स्मशानभूमीसह १८ नागरी सुविधा.

कागदावर याहून न्याय्य व्यवस्था देशात दुसरी शोधून सापडत नसे. उसाच्या पट्ट्याची श्रीमंती डोंगरातून येणाऱ्या पाण्यावर उभी राहणार होती, आणि त्या श्रीमंतीने डोंगरातल्या माणसाला अंगणात जागा द्यावी, एवढेच हा कायदा म्हणत होता.

अडले ते इथेच. स्लॅब लागू होणार म्हटल्यावर लाभक्षेत्रात भावाभावांच्या वाटण्या घाईने कागदावर उतरल्या. खाते फुटले की ते मर्यादेखाली येते. ते थांबवायला कायद्याने वाटणी आणि विक्रीवर बंधन घातले आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा बसला. मग दावे झाले, स्थगित्या आल्या. अनेक प्रकल्पग्रस्तांच्या हाती जमीन वाटपाचा आदेश पडला, पण जमीन मूळ मालकाच्याच ताब्यात राहिली. आदेश घेऊन बांधावर गेलेल्या माणसाला तिथे उभा ऊस दिसायचा आणि उसाच्या पलीकडे उभी भावकी. ज्यांना ताबा मिळाला त्यांतल्या कित्येकांच्या वाट्याला मुरमाड, पाणी न पोचलेले किंवा चढाचे तुकडे आले.

लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचीही एक बाजू आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वारणेचे कालवे वर्षानुवर्षे रखडले. ज्याच्या शेतात कालव्याचे पाणी आलेच नाही, त्याच्या सातबाऱ्यावरही तो शेरा राहिला. जमीन विकता येईना, वाटून घेता येईना, कर्ज काढताना अडचण. ‘पाणी नाही तर जमीन कशाची मागता?’ हा त्याचा सवाल खोटा नव्हता. पण त्या सवालाचे उत्तर कालवा पुरा करणे हे होते. प्रत्यक्षात कालवाही रखडला आणि पुनर्वसनही, आणि नदीकाठी स्वतःच्या लिफ्टवर ऊस पिकवणारा मधला बडा खातेदार दोन्हीतून सुटला.

या लढ्याचे एक वैशिष्ट्य मात्र आवर्जून नोंदवायला हवे. धरणग्रस्तांची बाजू घेऊन जे उभे राहिले, त्यांतले काही याच सुपीक पट्ट्यातले होते. प्रतिसरकारमधले क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे. त्यांनी हुतात्मा किसन अहिर सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याच माणसाने धरणग्रस्तांच्या आणि दुष्काळग्रस्तांच्या परिषदा घेतल्या. श्रमिक मुक्ती दलाच्या डॉ. भारत पाटणकरांनी कोयना-वारणेच्या वसाहतींतून संघटना बांधली, आणि समन्यायी पाणीवाटपाचा विचार आटपाडीपासून या डोंगरापर्यंत एका सूत्रात ओवला. खालच्या पट्ट्यातून जमीन सुटू शकते, हे या माणसांना मान्य होते. सत्तेतल्या मंडळींना ते परवडणारे नव्हते, कारण स्लॅबमध्ये बसणारा खातेदार बहुधा कारखान्याचा आणि पतसंस्थेचा वजनदार सभासद असतो.

दुसऱ्यांदा उठणे

धरणाचा प्रश्न सुटायच्या आतच दुसरा हुकूम आला. १९८५ मध्ये चांदोली अभयारण्य जाहीर झाले. त्याच साली कोयना अभयारण्यही. जलाशयाच्या वरचे, न बुडालेले डोंगर आता वन्यजीवांसाठी राखायचे होते. ज्या गावाची खालची भातखाचरे पाण्यात गेली होती, त्याच्या वरच्या वाड्या आता अभयारण्यात आल्या. माणसे दोन कागदांत विभागली गेली: धरणग्रस्त आणि अभयारण्यग्रस्त. एकाचे कार्यालय पुनर्वसनाचे, दुसऱ्याचे वनखात्याचे. एका भावाला लाभक्षेत्रातली जमीन मागायची, दुसऱ्याला वनखात्याच्या दारात उभे राहायचे.

अभयारण्यग्रस्तांसाठी लाभक्षेत्रातली जमीन पुरेना, तेव्हा दुसरीकडच्या वनजमिनीचे निर्वनीकरण करून ती द्यायचा मार्ग निघाला. म्हणजे एक रान राखायला उठवलेल्या माणसांना बसवण्यासाठी दुसरे रान मोडायचे. त्यालाही केंद्राची परवानगी, मोजणी, हरकती. कोल्हापुरात कचेऱ्यांसमोर झालेल्या ठिय्यांत पहिल्या पिढीतल्या म्हाताऱ्यांबरोबर त्यांचे नातू बसले, कारण आजोबांच्या संकलनातला हिशेब नातवापर्यंत मिटला नव्हता. पाटणच्या बाजूची मळे, कोळणे, पाथरपुंज ही गावे तर आणखी वेगळ्या कोंडीत सापडली. राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत पाथरपुंजचे नाव येते. अशा ठिकाणी उठायचे तर नवी जागा ठरेना, आणि राहायचे तर रस्ता, वीज, दवाखान्याला राखीव क्षेत्राचा नियम आडवा.

२००४ मध्ये अभयारण्याचे राष्ट्रीय उद्यान झाले, क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. जानेवारी २०१० मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात चांदोलीचे नाव गेले. दरम्यान २००६ चा वनहक्क कायदा आला आणि त्याच वर्षी वन्यजीव कायद्यात सुधारणा झाली. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून उठणाऱ्या कुटुंबासाठी २००८ पासून १० लाखांचा पर्याय आला, तो २०२१ मध्ये १५ लाखांचा झाला. कायदा स्वेच्छेची आणि ग्रामसभेच्या संमतीची भाषा बोलू लागला. पण शिराळ्या-शाहूवाडीची बहुतेक गावे त्याआधीच उठली होती. चांगला कायदा त्यांच्या घरी उशिरा पोचला, तोवर घरच त्या जागी नव्हते.

ओसाड गावठाणात गवे

रान राखण्याचे काम खोटे नव्हते, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवे. चांदोलीच्या डोंगरात वारणेचे पाणी जन्मते. तिथली झाडे तुटली असती तर धरणात गाळ लवकर भरला असता आणि खालच्या उसालाच त्याची झळ बसली असती. गावे उठल्यावर खाचरांच्या जागी गवताळ कुरणे झाली आणि तिथे गवे, सांबर चरू लागले. म्हणजे आज जे मोकळे गवत वन्यप्राण्यांना पोसते, ते पिढ्यान्‌पिढ्या कुळवलेल्या शेतांवरच उगवलेले आहे. आंबा-फणसाची झाडे, देवळांची जोती, वाड्यांचे दगडी पाये अजून आत आहेत. त्या देवाला जायचे तर आता वनखात्याची परवानगी लागते.

मे २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्यात वाघ आला, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. वाघाला भक्ष्य हवे म्हणून सागरेश्वरची चितळे चांदोलीत आणून सोडली. सागरेश्वर हेही सांगली जिल्ह्यातलेच, पण त्याची कथा उलटी. उजाड डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने माणसांनी हाताने उभे केलेले ते अभयारण्य. एकाच जिल्ह्यात एक जंगल लोकांनी लावले आणि दुसरे लोकांना उठवून राखले. जंगल राखायला माणूस लागतो, हे सागरेश्वरने दाखवलेच होते. चांदोलीत त्या अनुभवाला जागा मिळाली नाही.

सीमेबाहेरच्या गावांचे वेगळेच झाले. मणदूर, सोनवडेच्या बाजूला गवे पिकांत शिरतात, बिबट्या तर आता उसातच जन्मतो. गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राबद्दल २०११ ला गाडगीळ समितीचा आणि २०१३ ला कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. मग मसुद्यामागून मसुदे निघाले, सहावा जुलै २०२४ चा, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर. डोंगरातल्या माणसाला या मसुद्यांची धास्ती वाटते ती झाडांच्या वैरामुळे नाही. राखीव म्हणून शिक्का बसला की पुढे काय होते, हे त्याने चांदोलीत पाहिले आहे.

श्रीमंतांचे रान, गरिबांचे रान

जमीन राखणे आणि घरे पुरवणे यांचा पेच जगभर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन नावाची श्रीमंत काउंटी आहे. तिथे १९६२ मध्ये पॉइंट रेयेसचा समुद्रकिनारा राष्ट्रीय संरक्षणाखाली आला, आणि १९८० मध्ये शेतजमीन बांधकामापासून वाचवण्यासाठी तिथल्या शेतकरी आणि पर्यावरणप्रेमींनी स्वतंत्र विश्वस्त संस्था काढली. डोंगर हिरवे राहिले, घरांच्या किमती चढत गेल्या, आणि तिथल्या शाळेतल्या शिक्षकाला, इस्पितळातल्या परिचारिकेला त्या काउंटीत घर घेणे अवघड झाले. संरक्षणाचा फायदा ज्यांच्याकडे आधीच घर होते त्यांना, भार ज्यांच्याकडे नव्हते त्यांना.

वारणेच्या खोऱ्यात हेच झाले, फक्त अंतर वाढले. मरीनमध्ये राखलेला डोंगर श्रीमंताच्या खिडकीतून दिसतो. इथे राखलेला डोंगर वर राहिला आणि त्याचे पाणी खाली श्रीमंत झालेल्या शिवारात गेले. मधल्या माणसाला वसाहतीत प्लॉट मिळाला. पहिल्या पिढीत एका कुटुंबाला एक प्लॉट पुरला. तीन मुलांची तीन कुटुंबे झाली तेव्हा प्लॉट तेवढाच राहिला, गावठाणाची हद्द तेवढीच राहिली आणि बाहेर पाऊल टाकले की दुसऱ्याचा बांध. मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग २ ची, विकायला परवानगी. डोंगरात शंभर अडचणी होत्या, पण मुलाचे घर कुठे बांधायचे हा प्रश्न तिथे पडत नसे. वाढीव गावठाणाची मागणी आज जवळजवळ प्रत्येक वसाहतीत ऐकू येते ती यामुळे.

या सगळ्याकडे ‘वाघ हवा की माणूस’ म्हणून पाहणे सोपे आहे आणि सोयीचेही, कारण त्यात लाभक्षेत्र चर्चेतून बाहेर राहते. खरा व्यवहार तिघांचा होता: डोंगर, डोंगरातला माणूस आणि खालचे ओलिताचे शिवार. डोंगराने पाणी दिले, माणसाने जागा सोडली. तिसऱ्याच्या वाट्याचे देणे १९७६ च्या कायद्यातच लिहिलेले आहे आणि अनेक घरांचे ते अजून फिटायचे आहे.

आता ताडोबा आणि पेंचमधून सह्याद्रीत मिळून आठ वाघ आणायला केंद्राची मंजुरी आहे. ते यावेत, टिकावेत. पण राज्याने त्याबरोबर तीन कामांना तारीख द्यावी. वारणा आणि चांदोलीची संकलन रजिस्टरे गावनिहाय वाचून बंद करावीत आणि ती ग्रामसभेत लावावीत. ज्यांच्या हातात आदेश आहे पण ताबा नाही, त्यांना प्रत्यक्ष मोजून ताबा द्यावा. आणि प्रत्येक वसाहतीला आजच्या कुटुंबसंख्येप्रमाणे वाढीव गावठाण द्यावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आहे त्या कायद्याची अंमलबजावणी लागते, आणि ती मागण्याची जबाबदारी आता फक्त वसाहतीतल्या माणसांची नाही. वारणेचे पाणी पिणाऱ्या सगळ्यांची आहे.